एक बादली, दोन मूर्ती

श्रावण संपत आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरली जातात. त्यावर करड्या मातीचे गोळे, पाण्याची वाटी, आइस्क्रीमच्या काड्या. पाचवी-सहावीतली मुलं मान खाली घालून सोंड वळवत बसतात. कुणाचा कान निसटतो, कुणाचा मोदक हाताला चिकटून येतो. चतुर्थीला यातल्या काही मूर्ती खरोखर घरच्या चौरंगावर बसतात आणि दीड दिवसांनी अंगणातल्या नाहीतर गच्चीवरच्या बादलीत जातात.

तिथे एक कोडं उभं राहतं. मुलानं केलेली ओबडधोबड मूर्ती काही तासांत खाली बसते आणि बादलीच्या तळाशी मऊ चिखल उरतो. शेजारच्या घरची तेवढ्याच उंचीची, बाजारातून आणलेली प्लास्टरची मूर्ती मात्र दोन दिवसांनीही पाण्यात तशीच असते. रंग सुटून वर तरंगतो, पण नाकडोळे जागच्या जागी. दोन्ही मूर्ती पांढुरक्या भुकटीत पाणी कालवूनच केल्या, दोन्ही वाळवल्या, दोन्ही हाताला सारख्याच कडक लागत होत्या. मग एकीनं पाण्यात आकार सोडला आणि दुसरीनं का नाही?

निसर्गाबद्दलची काळजी मुलं शाळेत नाना रीतींनी व्यक्त करतात. चित्रं काढतात, घोषवाक्यं लिहितात, पथनाट्यं बसवतात. मला या सगळ्यांत शाडूचा गणपती वेगळा वाटतो, कारण त्यामागचा दावा मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो. ‘ही मूर्ती पाण्याला त्रास देत नाही’ हे खरं की खोटं, याचं उत्तर बादलीत दिसतं. पण त्यासाठी बादलीत काय घडतं ते समजायला हवं.

ओली माती वळते कशी?

शाडू ही अतिशय बारीक कणांची चिकणमाती. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. वाळूचा कण गोलसर असतो. चिकणमातीचे कण मात्र चपटे, पातळ पत्र्यांसारखे असतात, आणि मातीचे बहुतेक गुण या चपटेपणातून येतात.

स्वयंपाकघरात धुतलेली स्टीलची ताटं ओलीच एकात एक ठेवली की काय होतं ते आठवा. वरचं ताट खालच्यावर सहज सरकतं, गोल फिरतं, पण सरळ वर उचलू गेलं तर खालचंही सोबत येतं. दोन ताटांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो. कडेला जिथे पाणी आणि हवा भेटतात, तिथे पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग दोन्ही ताटांना आत ओढत असतो. आता ही अख्खी चळत पाण्यानं भरलेल्या टबात बुडवा. ताटं लगेच सुटी होतात, कारण कडेला हवा उरली नाही, ताणलेला पृष्ठभाग उरला नाही आणि ओढही उरली नाही.

ओल्या शाडूत अशा कोट्यवधी चपट्या कणांमध्ये पाण्याचे थर असतात. म्हणून बोटानं दाबलं की कण एकमेकांवरून सरकतात, सोंड वळते, आणि बोट काढलं तरी ती वळलेलीच राहते. पाणी कमी पडलं तर माती तडकते, जास्त झालं तर बसकण मारते. मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या गोळ्यापर्यंत त्यांच्या हाताला ते कळलेलं असतं.

माती वाळताना कणांमधलं पाणी उडून जातं, कण एकमेकांच्या जवळ येतात आणि मूर्ती थोडी आक्रसते. सोंड आणि कान पातळ असल्यामुळे आधी वाळतात, पोट मागे राहतं. एक भाग आक्रसतोय आणि त्याला जोडलेला भाग अजून फुगलेलाच आहे, अशा ओढाताणीत जोडावर भेग पडते. जुने मूर्तिकार मातीत कापूस किंवा काथ्या मळतात तो यासाठीच. त्याचे धागे ही ओढ वाटून घेतात. भाद्रपदाच्या दमट हवेत मूर्ती सावलीत, हळूहळू वाळवायची तीही याच कारणानं.

पूर्ण वाळलेल्या मूर्तीत कण फक्त जवळ आल्यामुळे एकमेकांना धरून असतात. ते वितळून एक झालेले नाहीत, त्यांच्यात कुठला नवा पदार्थही तयार झालेला नाही. पाणी परत आलं की हा सगळा प्रवास उलटा होऊ शकतो.

वाळलेली मूर्ती आधी का सुटते?

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. शाडूचे दोन सारखे गोळे घ्या. एक खडखडीत वाळलेला, दुसरा अजून ओलसर. दोन्ही पाण्यात सोडा. आधी फुटतो तो वाळलेला. ओला गोळा तासन् तास तसाच पडून राहतो.

वाळलेल्या मातीत कणांमध्ये असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मूर्ती पाण्यात गेली की या पोकळ्या चारही बाजूंनी पाणी ओढून घेतात. आतली हवा कोंडली जाते, दाबली जाते आणि बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडताना मातीचे पापुद्रे सुटे करते. त्याच वेळी आत शिरलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं. बादलीला कान लावला तर हलकी चुरचुर ऐकू येते. ओल्या गोळ्यात कोंडायला हवाच नसते, म्हणून तो शांत राहतो.

‘आमची मूर्ती शाडूची होती, तरी मधला गोळा तसाच राहिला,’ अशी तक्रार अनेक घरांतून येते. बहुधा मूर्ती आतून वाळलेली नसते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घाईनं केलेल्या जाड मूर्तीचं असं होतंच. दुसरं कारण ऑइलपेंट किंवा वॉर्निश. तेलकट रंगाचा थर पाण्याला आत जाऊच देत नाही.

प्लास्टर नुसतं वाळत नाही

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. जिप्सम नावाचा एक मऊ खनिज दगड असतो. त्याच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. जिप्सम साधारण १२० ते १५० अंश सेल्सियसला तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तेच प्लास्टर. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवर जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून त्या शहराचं नाव त्याला चिकटलं.

या भुकटीत पाणी कालवलं की ती गमावलेलं पाणी परत स्फटिकांत बांधून घेते. भुकटीचं पुन्हा जिप्सम होतं. ही रासायनिक क्रिया आहे; हात लावून पाहिलं तर साचा गरम झालेला कळतो. नवे स्फटिक सुईसारखे लांब वाढतात आणि एकमेकांत गच्च गुंततात. अर्ध्या तासाच्या आत मूर्ती साच्यातून काढता येते.

पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतले कारखाने प्लास्टरकडे का वळले हे यावरून समजतं. मूर्ती हलकी, पटकन तयार होणारी, पावसाळ्यात न तडकणारी, ट्रकमधून लांब जाऊ शकणारी. शाडूच्या मूर्तीला वाळायला कितीतरी दिवस लागतात, ती जड असते आणि धक्क्यानं फुटते. हजारो कुटुंबांचं पोट ज्यावर आहे त्या धंद्याकडे शाळेतल्या मुलांनी रागानं पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या कारागिरांची अडचण खरी आहे आणि ती मुलांना सांगायला हवी.

आता पाण्याकडे येऊ. प्लास्टरची मूर्तीही सच्छिद्र असते. पाणी तिच्यातही शिरतं, बुडबुडे तिच्यातूनही येतात. पण आतले सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकलेले असल्यामुळे ती कोसळत नाही. तिला नाहीसं करायचं तर स्फटिक विरघळवावे लागतील, आणि जिप्सम पाण्यात फारच कमी विरघळतं. एका लिटर पाण्यात साधं मीठ साडेतीनशे ग्रॅमपर्यंत विरघळतं, तर जिप्सम जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम.

हे गणित सहावीच्या वर्गात सहज करता येतं. पंधरा लिटरच्या बादलीत फार तर तीस-पस्तीस ग्रॅम जिप्सम मावेल. त्यानंतर ते पाणी भरलं. मूर्ती महिनाभर ठेवली तरी पुढे काही होणार नाही. एक किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला सुमारे चारशे लिटर पाणी हवं, म्हणजे दोनशे लिटरचे दोन पिंप, आणि तेही ढवळत राहून.

वाहत्या नदीत पाणी भरपूर असतं हे खरं. पण मूर्त्या विसर्जनाला जातात त्या काठाशी, डोहात, तलावात, जिथे पाणी थांबलेलं असतं. तिथे तुकडे तळाशी साचतात आणि तळातल्या जिवांची जागा झाकतात. जे थोडं विरघळतं त्यानं पाण्याचा जडपणा वाढतो. शिवाय जिप्सममध्ये सल्फेट असतं. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू संपलेला असतो, तिथले काही जिवाणू या सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार करतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मे २०२० मध्ये ती सुधारताना प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये अशा मूर्ती बनवण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्या विसर्जित करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं.

ज्यांच्या घरी प्लास्टरची मूर्ती आली आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं एक चांगली वाट शोधली आहे. अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत वापरतात त्यातला एक सोडा, पाण्यात मिसळून त्यात मूर्ती ठेवायची. सोडा साधारण मूर्तीच्या वजनाइतका लागतो. जिप्समचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होतं आणि साधारण दोन दिवसांत मूर्ती ढासळते. कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ खाली बसतो, आणि अमोनियम सल्फेटचं पाणी भरपूर पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. पुणे महापालिकेनं हा सोडा नागरिकांना वाटलेला आहे.

---

वर्गात करून पाहा

चार पेले पाणी घ्या. एकात वाळलेली शाडूची गोळी, दुसऱ्यात तेवढीच ओली गोळी, तिसऱ्यात फळ्यावरच्या खडूचा तुकडा, चौथ्यात फुटक्या पणतीचा तुकडा टाका. दर दहा मिनिटांनी वहीत चित्र काढा.

आपल्याकडचे बहुतेक साधे खडू जिप्समचेच असतात, त्यामुळे तिसरा पेला म्हणजे प्लास्टरच्या मूर्तीचा छोटा प्रयोग. खडू खरंच जिप्समचा आहे का ते पाहायला त्यावर लिंबाचा रस टाका. फेस आला तर तो जिप्समचा नाही, चुनखडीचा आहे.

पणतीचं काहीच होणार नाही. भट्टीत पाच-सहाशे अंशांच्या वर तापल्यावर चिकणमातीच्या कणांच्या आत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि मातीची रचनाच बदलते. मग परतीची वाट बंद होते. इनामगाव आणि दायमाबादच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी खापरं मिळाली ती म्हणूनच.

---

माती सुटली, पण गेली कुठे?

इथे थोडं थांबायला हवं, कारण शाळांतले बरेच उपक्रम इथेच संपतात. मूर्ती पाण्यात सुटली, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं वाटली. पण माती नाहीशी झालेली नाही. ती पाण्यात पसरली आहे.

चिकणमातीचा कण इतका हलका असतो की दोन मायक्रॉनच्या कणाला शांत पाण्यात फक्त दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास लागतात. त्याहून बारीक कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. अशा गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, पाणवनस्पतींना अन्न बनवता येत नाही आणि माशांच्या कल्ल्यांना गाळाचा त्रास होतो. एका मूर्तीनं तलावाचं काही बिघडत नाही, पण एका छोट्या तलावात हजारो मूर्ती गेल्या तर बिघडतं. शाडूची मूर्तीसुद्धा बादलीतच विसर्जित करावी ती यासाठी.

बादलीतलं पाणी नितळ करायला तुरटी फिरवावी. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन भार असतो. तो कणांचा ऋण भार शमवतो, कण गोळा होतात आणि तळाशी बसतात. पूर्वी पावसाळ्यात गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवायची, तेव्हा हेच घडत असे.

दुसरी बाजू मातीच्या उगमाची. महाराष्ट्रात वापरली जाणारी शाडू बहुतांशी गुजरातमधून येते. ती जमिनीतून खणून, ट्रकमध्ये भरून आणली जाते. ती काही दरवर्षी नव्यानं तयार होत नाही. खडकाची झीज होऊन चिकणमाती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. मुलांना ‘शाडू म्हणजे निसर्गाला शून्य त्रास’ असं शिकवणं मला पटत नाही. त्रास कमी आहे, आणि माती परत वापरली तर आणखी कमी होतो, हे खरं शिकवावं.

ती परत वापरता येते, कारण शाडूत कुठलाही रासायनिक बदल झालेला नसतो. बादलीतला चिखल बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं, चिखल जाड कापडावर पसरून मळण्याजोगा करायचा. झाली पुढच्या वर्षीची माती. कुंभार तर भिजवून मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा चांगली मानतात, कारण पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचलेलं असतं. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या उपक्रमातून घरोघरची विसर्जित शाडू गोळा करून मूर्तिकारांकडे परत पोचवली जाते.

कोकणात आणि गोव्यात जवळच्या चिकणमातीच्या मूर्तीची परंपरा अजून टिकून आहे. सिंधुदुर्गात मूर्तिकाराच्या जागेला गणपतीची शाळाच म्हणतात. घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा आणि त्या पाटावर मूर्ती घडते. सुटीत गावातली पोरं तिथे जाऊन बसतात, माती मळून देतात, पहिला हात मारायला शिकतात. गोवा सरकार मातीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांना अनुदान देतं.

रंगाचा प्रश्न

माती कितीही चांगली असली तरी रंगानं सगळं वाया जाऊ शकतं. खरा शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड आहे आणि काही चकचकीत पिवळ्या रंगांत शिसं आणि क्रोमियम असतं. सोनेरी रंगात बहुधा तांबं आणि जस्ताची पूड असते. असले रंग मुलांच्या हातात देऊच नयेत. बादलीतली माती पुन्हा मळायची असेल तर तिच्यात हे नकोच.

गेरू सर्वांत भरवशाचा. तो लोहाचं ऑक्साइड असतो, उन्हानं उडत नाही. हळद सुंदर दिसते, पण चुन्याच्या संपर्कात आली की लालसर होते. कुंकू पूर्वी याच गुणावर करत. त्यामुळे मूर्तीला आधी चुना लावून वर हळद लावली तर पीतांबर तांबडा दिसेल. बिटाचा रस उन्हात फिकट होतो. मुलांना हे आधी सांगू नये, करून बघू द्यावं. नाहीतर न रंगवलेली करडी मूर्तीही देखणी दिसते.

अलीकडे मातीत बी घालून मूर्ती करतात. कल्पना गोड आहे, पण नुसती शाडू रोपाला मानवत नाही. ती भिजली की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. तिच्यात निम्म्याहून जास्त कुंडीची माती आणि कंपोस्ट मिसळावं, आणि बी तुळस, मेथी अशा घरच्या कुंडीत वाढेल अशाच झाडाचं घ्यावं.

शाळेला काय करता येईल

पर्यावरण हा विषय आपल्या वर्गात पोचला तो मोठ्या वाटेनं. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणशिक्षण शाळांत सक्तीचं करावं असा निर्देश दिला. आज तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे, पुढे जलसुरक्षा आहे, बऱ्याच शाळांत हरित सेना आहे. जागा आणि तास उपलब्ध आहेत. अडचण ही की कार्यानुभवाच्या तासाला मूर्ती होते, विज्ञानाच्या तासाला मिश्रणं आणि द्रावणं शिकवली जातात, आणि दोन्ही वह्यांची भेट होत नाही.

ही भेट घडवणं शिक्षकांच्या हातात आहे. मूर्ती करण्याच्या दिवशीच चार पेल्यांचा प्रयोग मांडा. मूर्तीचं वजन करून वहीत लिहा. विसर्जनानंतर मुलांना चिखल डब्यात भरून शाळेत आणायला सांगा आणि सुकल्यावर पुन्हा वजन करा. किती माती परत आली, किती पाण्याबरोबर गेली, हे त्यांचं स्वतःचं मोजमाप असेल. घरची प्लास्टरची मूर्ती सोडण्यासाठी सोडा लागेल, तो किती, हे मुलांनाच काढू द्या. घरातल्या मोठ्यांना ते समजावून सांगतील.

मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. यंदाच्या कार्यशाळेचं नियोजन कराल तेव्हा नव्या मातीच्या गोण्यांबरोबर झाकणाचे दोन मोठे पिंपही मागवा आणि शाळेच्या एका कोपऱ्यात ठेवा. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात परत आलेली सगळी शाडू त्यात भिजत घाला. पुढच्या वर्षी सहावीचा वर्ग यंदाच्या पाचवीच्या मातीतूनच मूर्ती करेल आणि नवी गोणी फक्त कमी पडेल तेवढीच लागेल.